बाबासाहेब सहलीला गेले ती वाट

बाबासाहेब सहलीला गेले होते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? महाडचे चवदार तळे, काळाराम मंदिराचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, पुणे करार, संविधान, नागपूरची धम्मदीक्षा हा इतिहास आपल्या घरातल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतो. पण १९३४ साली चळवळीतल्या काही सहकाऱ्यांनी बाबासाहेबांजवळ इच्छा व्यक्त केली की, तुम्ही बरोबर येत असाल तर आपण सगळे मिळून कुठेतरी प्रेक्षणीय स्थळे पाहायला जाऊ. आणि बाबासाहेब हो म्हणाले. सभा नव्हती, परिषद नव्हती, कुणाला निवेदन द्यायचे नव्हते. वेरूळची बौद्ध लेणी पाहायची, वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायचा, बस्स. सगळे नाशिकला जमले. तीसेक माणसे होती. मोटारबसने निघाले.

ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतःच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्याशा आठवणींच्या पुस्तिकेत लिहून ठेवली आहे. ती पुस्तिका वाचताना एक गोष्ट लक्षात येते. त्यातल्या बाबासाहेबांच्या स्वतःच्या आठवणी बहुतेक प्रवासाच्या आहेत. १९०१ साली लहानगा भीम भाऊ-भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला निघाला आणि मसूर स्टेशनवर उतरला. जात कळताच एकही गाडीवान बैलगाडी द्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे, गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने पायी चालणार, या अटीवर गाडी मिळाली. रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. पुढे १९२९ साली चाळीसगावात टांगेवाल्यांनी बाबासाहेबांना बसवून न्यायला नकार दिला. टांगा मिळाला, पण हाकणारा मिळेना. तेव्हा आपल्याच वस्तीतल्या एका माणसाने लगाम हाती घेतला. त्याला कसली आली सवय! मोरीवर घोडा बिथरला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि पायाचे हाड मोडले. तोवर ते परदेशात शिकून आलेले बॅरिस्टर झालेले होते.

वाहन कुणाचे आणि ते हाकणार कोण, हा प्रश्न आपल्या समाजासाठी कधीच साधा नव्हता. म्हणून आमच्या एका रविवारची हकीकत ‘कुटुंबा’च्या पानावर सांगावीशी वाटली. वाचकांनी ती तेवढ्याच बेताने घ्यावी. आम्ही काही मोर्चा काढला नाही, आम्ही नुसते फिरायला गेलो.

आमच्या नाशिकच्या वस्तीतल्या विहारात शनिवारी रात्री अभ्यासवर्ग चालतो. गेल्या ऑक्टोबरात, वर्षावास संपल्यानंतरच्या शनिवारी, वर्गात ही दौलताबादची आठवण वाचली. वाचून झाल्यावर नेहमीप्रमाणे चर्चा सुरू होणार, तोच आमच्यातला एक रिक्षा चालवणारा तरुण म्हणाला, “काका, नाशिक ते दौलताबाद किती?”

एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये नोकरी झालेले एक भाऊ आहेत, ते म्हणाले, “पावणेदोनशेच्या आसपास.”

“मग उद्या रविवारच आहे की.”

कुणी काही बोलेना. कारण आपल्याकडे असे एकदम उठून जायची रीत नाही. आपल्या माणसाने विनाकारण प्रवास करायचा नसतो, हे कुणी शिकवलेले नाही, पण अंगात मुरलेले आहे. लग्न असेल तर जायचे, मयत असेल तर जायचे. दुष्काळात आपले आजे-पणजे पोराबाळांसह मुंबईला गेले, कुणी ऊसतोडीला गेले, कुणी वीटभट्टीवर. सहा डिसेंबरला चैत्यभूमी, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमी, एक जानेवारीला भीमा कोरेगाव. १९७९ साली नामांतरासाठी नागपूरहून लाँग मार्च निघाला, तेव्हा माणसे शेकडो मैल पायी चालायला तयार झाली. आपला समाज कमी फिरलेला नाही. पण प्रत्येक वेळी काही कारण होते, पोटाचे किंवा चळवळीचे. नुसते बघायला, वारा खायला म्हणून आपला बाप कधी घराबाहेर पडला होता का, हे ज्याने त्याने आपल्या घरात विचारून पाहावे. माझे वडील पडले नव्हते.

आणि इथे तर खुद्द बाबासाहेब सहलीला निघाले होते. आमचा वायरमन म्हणाला, “बाबासाहेबांना वेळ मिळाला आणि आपल्याला मिळत नाही?” बस्स, तिथेच ठरले.

आमची फौज

तीन मोटारसायकली, सहा माणसे. माझी जुनी स्प्लेंडर, तिच्यावर मी आणि मागे गवंडीकाम करणारे आमचे मिस्त्री. वायरमनची पल्सर, मागे रिक्षावाला तरुण. तिसरी गाडी भाऊंची. हेल्मेटे कमी पडली म्हणून रात्री अकरा वाजता दोन शेजाऱ्यांची दारे वाजवावी लागली.

पहाटे साडेपाचला विहारापाशी जमलो तर भाऊंच्या गाडीवर भाऊ मागे बसलेले आणि पुढे त्यांची मुलगी. ती एम.कॉम.ला आहे. तिने रात्री बापाला सांगितले होते, “मागे बसून यायचं असेल तर मी येत नाही. चालवायला देणार असाल तर येते. माझ्याकडे लायसन्स आहे.” भाऊंनी तीस वर्षे एस.टी.ची इंजिने उघडली-जोडली, पण मुलीपुढे त्यांचे काही चालले नाही, ते बरेच झाले. दिवसभरात सगळ्यांत शिस्तीत गाडी तिनेच चालवली.

वहिनी, म्हणजे भाऊंच्या घरच्या, दारात उभ्या होत्या. भाकरी, खुडा, शेंगदाण्याची चटणी, सगळे बांधून त्यांनीच दिले होते. मी आपले सहज म्हणालो, “वहिनी, तुम्हीपण यायला पाहिजे होतं.” त्या म्हणाल्या, “मी चैत्यभूमीशिवाय अजून कुठं गेलेली नाही. जा तुम्ही. पाणी भरायची वेळ झालीये.” त्या सहज बोलल्या, पण ते वाक्य पार निफाडपर्यंत माझ्या डोक्यात होते.

नाशिक सोडले की चांदोरी, निफाड असा रस्ता आहे. ऑक्टोबरात पहाटे गारवा असतो. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, छाटणी झालेल्या. हा भाग आमच्या मिस्त्रींच्या ओळखीचा. इथल्या कितीतरी बंगल्यांचे प्लॅस्टर त्यांच्या हातचे. गाडीवरून ते मला बोटाने दाखवत होते, “तो बघा, तो जिना मी केलाय.” घरात मात्र ते पुन्हा गेलेले नाहीत. काम संपले की गवंड्याचा त्या घराशी संबंध संपतो.

विंचूरला चहाला थांबलो. लासलगावची कांद्याची बाजारपेठ इथून जवळ, त्यामुळे रस्त्याला ट्रॅक्टरची रांग. इथे एक प्रश्न निघाला. वायरमनच्या गाडीच्या हेडलाइटच्या काचेवर निळ्या अक्षरांत मोठे ‘जय भीम’ आहे, खाली अशोकचक्र. मिस्त्री त्याला म्हणाले, “पुढं अनोळखी गावं लागणार. त्याच्यावर रुमाल बांध.”

शहरातल्या वाचकांना हे ऐकून नवल वाटेल. आम्हाला वाटले नाही. मे २०१५ मध्ये शिर्डीत मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, त्यावरून वाद झाला आणि आपल्या एका तरुणाचा खून झाला. तो लग्नासाठी शिर्डीला आला होता. विंचूर-येवल्यापासून शिर्डी काही फार लांब नाही. त्या वेळी आम्ही सगळे निषेध मोर्चात होतो. मिस्त्री भित्रे नाहीत. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात त्यांच्या आजोबांनी लाठ्या खाल्ल्या, असे त्यांच्या घरात सांगतात. पण त्यांना दोन मुली आहेत आणि त्या दिवशी बरोबर भाऊंचीही मुलगी होती.

वायरमन तापला. म्हणाला, “बाबासाहेबांचं नाव झाकून बाबासाहेबांच्या वाटेनं जायचं?” मिस्त्री म्हणाले, “नाव मनात असतं.” चहा निवत चालला. माझे मत विचारले तेव्हा मी म्हणालो की स्टिकर राहू द्यावा. मात्र मिस्त्रींना हसू नये. सावधपणा आपल्या माणसाने हौसेने शिकलेला नाही. तेवढ्यात मुलगी म्हणाली, “काका, हेडलाइटवर रुमाल बांधला तर संध्याकाळी येताना दिसणार कसं?” सगळे हसले आणि तो विषय तिथेच थांबला. स्टिकर तसाच राहिला. मात्र निघताना रिक्षावाल्या तरुणाने खिशातून मोबाइल काढला आणि आवाज बंद केला, हे मी पाहिले. मी काही बोललो नाही.

येवला

येवल्याला पोहोचलो तेव्हा साडेआठ वाजले होते. गावाची ओळख जगाला पैठणीमुळे आहे, आपल्याला १३ ऑक्टोबर १९३५ मुळे. हिंदू म्हणून जन्माला आलो, ते माझ्या हाती नव्हते, पण हिंदू म्हणून मरणार नाही, अशा आशयाची घोषणा बाबासाहेबांनी येवल्याच्या परिषदेत केली आणि देशाचे कान उभे राहिले. मुक्तिभूमीवर जाऊन त्रिशरण-पंचशील घेतले. तिथे झाडणारी एक आजी होती, तिने विचारले, “कुणाची दीक्षा हाये का आज?” आम्ही म्हणालो, “नाही आजी, असंच आलोय.” तिने पुन्हा विचारले, “असंच?”

दौलताबादची सहल १९३४ ची आणि येवल्याची घोषणा १९३५ ची. मी या दोन घटनांचा ओढूनताणून संबंध जोडत नाही. येवल्याच्या घोषणेमागे काळारामचा १९३० पासूनचा सत्याग्रह होता, महाड होते, त्याच्याही आधीचे सगळे आयुष्य होते. पण नाशिकहून निघून येवल्यावरून पूर्वेकडे जाणाऱ्या या वाटेवर पाणी आणि धर्म हे दोन्ही प्रश्न उभे आहेत, एवढे तर कुणालाही दिसते.

येवल्याच्या पुढे अंदरसूल लागते. तिथल्या एका हॉटेलात पोरांनी भजी मागवली. बाकावर फेटेवाले एक वयस्कर गृहस्थ बसले होते. त्यांनी आमच्या गाड्यांकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले. “पाहुणं, कोणतं गाव?”

“नाशिक.”

“नाशकात कुठं? आडनाव काय म्हणायचं?”

महाराष्ट्रात हा प्रश्न कशासाठी विचारतात ते आपल्याला सांगायला नको. कुणी गाव सांगून वेळ मारून नेतो, कुणी दोन्ही जातींत चालणारे आडनाव असेल तर तेवढ्यावर सोडतो. रिक्षावाल्या पोराने भजे तोंडात असतानाच आडनाव सांगितले, अगदी खणखणीत, आणि वर “जय भीम बाबा” असेही म्हणाला. त्याचा मोबाइल खिशात गप्प होता. तो स्वतः नव्हता. म्हातारबाबा “बरं बरं” म्हणाले आणि रस्त्याकडे पाहू लागले. त्यांच्या मनात काय होते ते कसे सांगावे? कदाचित काहीच नसेल. चहा आम्हाला सगळ्यांसारख्याच काचेच्या ग्लासात मिळाला आणि पैसे देताना हॉटेलवाल्याने पुन्हा या म्हटले. आपल्या आजोबांच्या काळाशी तुलना केली तर हे फार मोठे आहे. पण प्रश्न अजून विचारला जातो आणि विचारल्यावर क्षणभर आपले हात थबकतात, हेही खरेच.

पुढे वैजापूर. १९३४ साली येवला इंग्रजांच्या मुलखात होते आणि वैजापूर निजामाच्या राज्यात. बाबासाहेबांची बस या हद्दीतून पलीकडे गेली. निजामाच्या राज्यात अस्पृश्यता पाळण्याची रीत किती कडक आहे याची त्यांना कल्पना होती, म्हणून त्यांनी आपण कोण आहोत हे जाहीर न करता, साधे प्रवासी म्हणून जायचे ठरवले होते. जिथे मुक्काम करायचा तेवढ्याच ठिकाणी आपल्या माणसांना निरोप धाडला होता. विचार करा! देशातला एवढा विद्वान माणूस, गोलमेज परिषदेत बसून आलेला, आणि त्याला स्वतःच्या मुलखात फिरायला जाताना नाव झाकावे लागते. विंचूरला मिस्त्री रुमाल बांध म्हणाले, त्याची आठवण मला वैजापूरला झाली.

वैजापूरच्या अलीकडे माझ्या गाडीची क्लचवायर तुटली. भाऊंनी आणि वायरमनने मिळून वीस मिनिटांत ती बसवली. जवळून समृद्धी महामार्ग गेला आहे. त्यावर मोटारसायकलीला बंदी. पोरे म्हणाली, “समृद्धी आपल्यासाठी नाही, नावातच कळतं.” हसण्यावारी नेले, पण या रस्त्याच्या कामावर आमच्या वस्तीतले चार जण होते.

दौलताबादच्या दारात

लासूर मागे टाकले की काही वेळाने किल्ल्याचा तो उंच गोल डोंगर दिसायला लागतो, शेंडा कापलेल्या सुळक्यासारखा. बारा वाजून गेले होते. पायथ्याला सीताफळवाल्या बायकांच्या पाट्या लागल्या होत्या. दौलताबादचे सीताफळ खाल्ल्याशिवाय परत येऊ नये. आमची तोंडे, कपडे, भुवयासुद्धा धुळीने भरल्या होत्या.

त्या दिवशी त्यांचेही तसेच झाले होते. गावाच्या वेशीवर आपली माणसे वाट पाहत होती, चहाफराळ करून मग किल्ल्यावर जा म्हणत होती. चहाची तलफ सगळ्यांनाच होती, पण अंधार पडायच्या आत किल्ला पाहायचा म्हणून मंडळी तशीच पुढे गेली. किल्ल्याच्या दाराबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेला एक हौद होता, भोवती दगडी फरसबंदी. काहींनी सहज त्या पाण्याने हातपाय-तोंड धुतले आणि सगळे दारात गेले. इतक्यात पांढऱ्या दाढीचा एक मुसलमान म्हातारा मागून ओरडत आला. अस्पृश्यांनी हौद बाटवला म्हणून त्याने जातीवरून शिव्या द्यायला सुरुवात केली. रमजानचा महिना होता. बघता बघता जमाव जमला, स्थानिक आपली माणसेही त्यात सापडली, आता मारामारी होणार असे वाटू लागले. तेव्हा बाबासाहेबांनी संतापून जमावाला विचारले की, हेच तुमच्या धर्माने शिकवले आहे का? एखादा अस्पृश्य उद्या मुसलमान झाला तर त्याला या हौदाचे पाणी घ्यायला तुम्ही मज्जाव कराल का? लोक गप्प झाले. शेवटी किल्ल्यात जायची परवानगी मिळाली, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर. आणि ती अट पाळली जाते की नाही हे पाहायला बरोबर एक हत्यारबंद शिपाई दिला.

सहल होती ही! तीस माणसे किल्ला पाहत फिरताहेत आणि मागे बंदूकवाला शिपाई, पाण्यावर नजर ठेवून.

हा प्रसंग अलीकडे काही लोक एका धर्माच्या विरोधात वापरतात, म्हणून दोन शब्द लिहितो. त्याच पुस्तिकेत मसूरचे हिंदू गाडीवान आहेत, चाळीसगावचे टांगेवाले आहेत, बडोद्याला बाबासाहेबांना खोलीतून बाहेर काढणारे पारशी आहेत. जो हिंदूंना अस्पृश्य, तो इतरांनाही अस्पृश्यच होता, हे बाबासाहेबांना दाखवायचे होते. त्यातला एकच प्रसंग उचलून मिरवणाऱ्यांनी बाकीची पाने फाडून टाकलेली असतात.

आम्ही तिकिटाच्या खिडकीपाशी गेलो. सहा तिकिटे मागितली, सहा मिळाली. नाव विचारले नाही, आडनाव विचारले नाही. मग दाराबाहेर एका बाजूला उभे राहून आमच्याच बाटलीतल्या पाण्याने तोंडे धुतली. भाऊंची मुलगी ओतत होती आणि एकेक जण ओंजळ पुढे करत होता. हे ठरवून केले नव्हते. मिस्त्रींनी मात्र दोनदा तोंड धुतले.

मग मी पिशवीतून पुस्तिका काढली आणि तिथेच तो प्रसंग मोठ्याने वाचला. जवळच एक मुसलमान कुटुंब सावलीला बसले होते. नवरा, बायको, दोन मुले, डबा उघडलेला. मराठवाड्यातले लोक, मराठी त्यांना चांगली कळत होती. ते ऐकायला लागले. माझा आवाज जरासा बारीक झाला, कारण पुढचा मजकूर मला ठाऊक होता. वायरमन म्हणाला, “वाचा, थांबू नका.” मी सगळे वाचले. म्हाताऱ्याचे ओरडणे, जमाव, बाबासाहेबांचे प्रश्न, शिपाई. तो गृहस्थ खाली पाहत होता. त्याच्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाने विचारले, “फिर उनको पानी मिला क्या?”

“नहीं मिला, बेटा,” मी म्हणालो.

“पूरा किला देखा, बिना पानी?”

त्या बाईने पुस्तिकेचे नाव विचारून घेतले आणि मोबाइलमध्ये लिहून घेतले. आम्हाला दोन पराठे दिले. आम्ही भाकरी दिली. यापेक्षा अधिक काही घडले नाही आणि घडायला हवे होते असेही मला वाटत नाही.

किल्ल्याचे वर्णन करीत बसत नाही, ते सगळीकडे मिळते. खंदक, अंधारी, मेंढा तोप. अंधारीतून जाताना रिक्षावाल्या पोराने अचानक मोठ्याने शीळ घातली आणि वटवाघळे उडाली. आतला हत्ती हौद पाहिला. केवढा तो! त्याच्या काठावर आम्ही बसलो. इतके पाणी आणि एका ओंजळीला बंदी!

महारवाडा लेणे

दौलताबादहून खुलताबादच्या घाटाने वेरूळ अर्ध्या तासावर आहे. चौतीस लेणी, पहिली बारा बौद्धांची. बहुतेक लोक बसमधून उतरतात, सोळा नंबरचे कैलास लेणे पाहतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. आपल्या कुटुंबांनी एक ते बारा नंबरला पुरेसा वेळ द्यावा.

दहा नंबरच्या चैत्यगृहात मिस्त्रींना आम्ही अक्षरशः ओढून बाहेर काढले. त्याला सुतार लेणे म्हणतात. छताला लाकडी वाश्यांसारख्या कमानी आहेत आणि त्या सगळ्या दगडातून कोरलेल्या. समोर स्तूपाच्या पुढ्यात पाय खाली सोडून बसलेली भव्य बुद्धमूर्ती, धम्म सांगणारी. वंदना झाली, पण मिस्त्रींचे डोळे खांबांवर होते. एक डोळा मिटून, अंगठा पुढे धरून ते ओळंबा पाहत होते. म्हणाले, “आम्ही भिंत चुकली तर पाडून पुन्हा बांधतो. यांना पाडायची सोयच नव्हती. एक छिन्नी जास्त लागली की संपलं.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “हे करणारे कोण असतील हो? शिकलेले तर नसतील.” पंचवीस वर्षे लोकांची घरे बांधणाऱ्या माणसाला हे विचारताना मी पहिल्यांदाच ऐकले.

पण सगळ्यांत जास्त वेळ आम्ही थांबलो ते पाच नंबरला. लांबलचक सभागृह, दोन्ही बाजूंना खांब आणि मध्ये जमिनीलगत दोन लांब दगडी बाकांच्या ओळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिथे बसून भिक्खू एकत्र अध्ययन करीत असावेत, असे जाणकार सांगतात. या लेण्याचे लोकांत चालत आलेले नाव आहे महारवाडा.

का, तर पुढच्या काळात, लेणी ओस पडल्यावर, पावसाळ्यात आपली माणसे इथे आसऱ्याला राहत. गावाने बाहेर ठेवलेली माणसे पावसापासून वाचायला इथे येत होती. ज्या बाकांवर भिक्खू बसले, तिथे आपल्या आज्यांनी ओली लुगडी वाळत घातली असतील, चूल पेटवली असेल. समोरच्या मूर्तीकडे पाहून त्यांच्या मनात काय आले असेल? नाव ठाऊक नसेल, धम्म ठाऊक नसेल. पण घरातून बाहेर काढलेले लोक नकळत आपल्याच घरात येऊन बसले होते.

मी हे बोललो तेव्हा कुणी काही म्हणाले नाही. मुलगी त्या बाकावर बसली आणि वहीत काहीतरी लिहू लागली. भाऊ हळूच मला म्हणाले, “हिच्या आईला दाखवायला पाहिजे हे.”

सहाच्या आत लेणी सोडावी लागतात. आमच्यापैकी तिघांची सोमवारी सकाळची ड्यूटी होती, त्यामुळे छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद, येथील नागसेनवन आणि विद्यापीठामागची लेणी पुढच्या वेळेसाठी ठेवली. बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेले मिलिंद महाविद्यालय नागसेनवनातच आहे, आणि तेवढ्यासाठी एक वेगळा दिवस हवा. येताना वाटेत कुठेही थांबलो नाही. वायरमनची गाडी सगळ्यात पुढे होती. अंधारात हेडलाइट लागला की निळी अक्षरे काळी दिसत आणि समोरच्या रस्त्यावर त्यांची पुसट सावली पडे.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी हिशेब. जाऊन-येऊन पावणेचारशे किलोमीटर, प्रत्येक गाडीला सात लिटरच्या आसपास पेट्रोल लागले. पेट्रोल, तिकिटे, चहा-भजी आणि सीताफळे धरून माणशी पाचशे-साडेपाचशे रुपये झाले. जेवण घरचे. गाडीचे कागद, लायसन्स आणि दोघांनाही हेल्मेट हे बरोबर असावे. एक जादा क्लचवायर ठेवावी. पाठीचा त्रास असणाऱ्यांनी दोन दिवसांचा बेत करावा.

पुढच्या शनिवारी वर्गात मुलीने वहीत लिहिलेले वाचून दाखवले. त्या दिवशी महिला मंडळाच्या बायका नेहमीपेक्षा जास्त आल्या होत्या. वर्ग संपल्यावर वहिनींनी विचारले, “लेणी कोणत्या वारी बंद असतात?”

“मंगळवारी,” मी म्हणालो.

“मग मंगळवार सोडून. आम्ही चौदा जणी आहोत. एस.टी.नं जाणार.”

२०२३ सालापासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे. भाऊ म्हणाले, “मीपण येतो, मला रस्ता माहीत आहे.”

“रस्ता ड्रायव्हरला माहीत असतो,” वहिनी म्हणाल्या. “आणि तुम्हाला पूर्ण तिकीट पडतं. तुम्ही घरी थांबा, पाणी भरून ठेवा.”